ब्रिटिश रेडिओ डीजे जॉन पील कुठल्या विसरल्या गेलेल्या गॅरेज बँडबद्दल (साठच्या दशकातला रांगडा रॉक वाजवणारी पोरं) कायम बोलायचा?

द मिसअंडरस्टूड, कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडची पोरं. पील तेव्हा बीबीसीत नव्हताच, सॅन बर्नार्डिनोच्या रेडिओ स्टेशनवर होता, १९६६ ला एका शॉपिंग सेंटरमधे यांना ऐकलं आणि गडी येडाच झाला. बँडमधल्या ग्लेन कॅम्पबेलची ती किंचाळणारी स्टील गिटार! (फेमस गायक ग्लेन कॅम्पबेल वेगळा हं.) पीलनेच त्यांना लंडनला जायला लावलं, उतरले कुठे तर थेट त्याच्या आईकडे. फोंटाना या रेकॉर्ड कंपनीकडून एक सिंगल (छोटी रेकॉर्ड) आली न आली तोच गायकाला अमेरिकन लष्कराचं बोलावणं, व्हिएतनाम चालू होतं ना, मग काय, गुंडाळला कारभार. तो पठ्ठ्या लष्करातून पळून चक्क भारतात आला, आश्रमात राहिला. हॉलीवूडच्या पँडोराज बॉक्स या क्लबमधला त्यांचा शो पील शेवटपर्यंत आपल्या टॉप दहात धरायचा.