पूडल कातडीपर्यंत कोरडा हवा

मिरग लागला की माझ्या दवाखान्यात येणाऱ्या पूडल कुत्र्यांची संख्या एकदम वाढते. तक्रारी वेगवेगळ्या असतात: अंगाला वास, कान वाहणं, पायाची बोटं सतत चाटणं. तपासायला घेतलं की बहुतेक वेळा मूळ एकच निघतं. केसांच्या बुडाशी ओल राहिलेली असते. पूडल ही मुळात पाण्यात पडलेली बदकं आणून देणारी जात. पण ती घडली युरोपच्या हवेत. आपल्याकडे जुलैत दोरीवरचा टॉवेल दोन दिवस वाळत नाही, तिथे त्या दाट कुरळ्या केसांतली ओल आपोआप कशी जाणार? म्हणून या वेळी पूडलबद्दल आलेलेच प्रश्न घेतले आहेत.

आमचं मिनिएचर पूडल पिल्लू दहा महिन्यांचं आहे. रोज ब्रश करतो, तरी कानामागे आणि काखेत घट्ट गाठी झाल्यात. ग्रूमर म्हणतो, सगळे केस उतरवावे लागतील. दुसरा उपाय नाही का? (म्हापसा)

ग्रूमरचं ऐका. तुमचं काही फारसं चुकलेलं नाही, वयच तसं आहे. साधारण नऊ महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत पिल्लाचे मऊ केस जाऊन मोठ्या कुत्र्याचे दाट, कुरळे केस येतात. पूडलचे गळलेले केस जमिनीवर पडत नाहीत, शेजारच्या कुरळ्यांत अडकून बसतात. त्यामुळे या काळात आठवड्याभरात गाठी धरतात.

रोज ब्रश करूनही गाठी होतात, याचं कारण ब्रश वरच्यावर फिरतो. वरून केस फुललेले, सुंदर दिसतात आणि खाली कातडीलगत जटा बसलेली असते. पिल्लाला टेबलावर टॉवेल अंथरून उभं करा. एका हाताने केस वर धरा आणि खालून एकेक थर सोडत चला, प्रत्येक थराला कातडीची रेघ दिसली पाहिजे. आधी स्लिकर ब्रश (बारीक वाकड्या तारांचा), तोही टोकाकडून बुडाकडे सरकत. मग त्याच जागेवर स्टीलची फणी. फणी जिथे अडेल तिथे गाठ आहे. फणी कातडीपासून टोकापर्यंत न अडकता आली, तरच ती जागा झाली असं समजा. काख, जांघ, कानामागची जागा आणि गळपट्ट्याखालची जागा रोज बघा. बाकीचं अंग दिवसाआड चालेल.

गाठ आणि कातडी यांच्यामध्ये फणी शिरत नसेल, तर ती ओढून सोडवू नका. त्यात कुत्र्याला खूप दुखतं, आणि एकदा दुखलं की पुढची कित्येक वर्षं ते ब्रश बघून पळतं. घरच्या कात्रीने तर मुळीच कापू नका. गाठीत कातडी ओढली गेलेली असते, ती दिसत नाही. दर पावसाळ्यात अशा कात्रीच्या जखमांना मी टाके घालते. क्लिपर (केस उतरवायचं मशीन) हाच सुरक्षित मार्ग. केस परत येतात.

आंघोळीचं एकच सांगणं आहे: आधी फणी, मग पाणी. ओल्या झालेल्या गाठी आवळून घट्ट होतात, मग त्या सुटत नाहीत. आंघोळीनंतर टॉवेलने चोळू नका, दाबून पाणी टिपा. मग ड्रायरची हवा कोमट ठेवून ब्रशने केस उलगडत कातडीपर्यंत सुकवा. पंख्याखाली बसवून पावसाळ्यात पूडल सुकत नाही. शेवटी काखेत आणि बोटांच्या बेचक्यांत आपलं बोट घालून बघा. थंड लागलं तर अजून ओल आहे.

पावसाळाभर केस सेंटिमीटरभरच ठेवा आणि दर चार आठवड्यांनी कापून घ्या. प्रदर्शनातल्या पूडलांच्या अंगावर जे गोंडे दिसतात, त्यांची सुरुवात थंड पाण्यात छाती आणि सांधे ऊबदार राहावेत म्हणून झाली. आपल्याला त्यांची गरज नाही. मात्र वस्तऱ्याने केल्यासारखं गुळगुळीतही करू नका, उघडी कातडी उन्हाने भाजते.

सासूबाई आमच्या पूडलला दर रविवारी खोबरेल तेल लावतात. चांगलं ना? (फोंडा)

त्यांची माया मला कळते. आपल्याकडे बाळापासून सगळ्यांना तेल लागतं. पण पूडलच्या केसांत तेल धूळ धरून ठेवतं, केस चिकटतात आणि गाठी लवकर होतात. शिवाय ते चाटून पोटात जातं नि जुलाब होतात. पंज्यांच्या गाद्या फुटल्या असतील तर तिथे बोटभर लावा आणि पाच मिनिटांनी पुसून घ्या. सासूबाईंना रविवारी फणी द्या. त्यांच्याइतकं निवांत बसून कोणी विंचरणार नाही.

आमची टॉय (सगळ्यांत लहान आकाराची) पूडल तीन वर्षांची, वजन चार किलो. शीत-कडीशिवाय (भात-कालवणाशिवाय) काही खात नाही. पोदेराचा (पाववाल्याचा) हॉर्न वाजला की दारात जाऊन बसते, तिला अर्धी पोई (पाव) लागतेच. डॉग फूड हुंगून निघून जाते. काय करू? (डिचोली)

आधी हिशोब करू. चार किलोच्या, नसबंदी झालेल्या, घरातच वावरणाऱ्या कुत्रीला दिवसाला साधारण 300 कॅलरी पुरतात. तूप लावलेली एक चपाती शंभरच्या आसपास जाते. म्हणजे तुम्ही सहज पुढे केलेला चतकोर तिच्या दृष्टीने चांगला घास आहे. सकाळी पोई, दहा वाजता बिस्किट, दुपारी भात, असं झाल्यावर डॉग फूडपुढे तिला भूक कुठली राहणार? तिला चव कळत नाही असं नाही. तिचं पोट भरलेलं असतं.

आता कडी. माणसांच्या हुमणात, म्हणजे माशांच्या कालवणात, मीठ आहे, मिरची आहे, नारळाची चरबी आहे. कांदा-लसणाने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात, आणि रोज थोडा थोडा गेला तरी फुटतात. चिंचेचं मला जास्त भय वाटतं. द्राक्षं आणि मनुका खाऊन कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होतात, आणि त्यामागे त्यांतलं टार्टारिक आम्ल असावं असं आता मानलं जातं. तेच आम्ल चिंचेत भरपूर असतं. म्हणून चवथीच्या दिवसांतही जपा. नेवऱ्यांच्या सारणात मनुका असतात आणि घरात पाहुण्यांचे दहा हात असतात. मनुका खाल्ल्या असं कळलं तर उलटीची वाट बघत बसू नका, लगेच डॉक्टरकडे न्या. लवकर आणलं तर विष बाहेर काढता येतं.

मासा मात्र सोडायला नको. बांगडा किंवा मुडदुशी बिनमिठाची उकडा, काटे बोटांनी चाचपून काढा, आणि दोन चमचे मासा तिच्या डॉग फूडवर कोमट पाण्यासकट घाला. वासाने ती खायला येईल. कच्चा मासा देऊ नका. काही जातींच्या कच्च्या माशांत बी-१ जीवनसत्त्व मोडणारं द्रव्य असतं, ते शिजवल्यावर निघून जातं. थाळी वीस मिनिटं ठेवा आणि उचला. मोठ्या, निरोगी कुत्रीने एखादी वेळ चुकवली तर बिघडत नाही. पण तीन-चार महिन्यांच्या टॉय पिल्लावर हा प्रयोग कधीही करू नका. त्यांची साखर चार-सहा तास उपाशी राहिली तरी उतरू शकते, ती थरथरतात, कोसळतात. त्यांना दिवसातून चार वेळा लागतं.

घरचंच अन्न द्यायचं असेल तर नुसत्या भात-चिकनवर वर्षानुवर्षं ठेवू नका. त्यात कॅल्शियम फारच कमी पडतं. डॉक्टरकडून वजनाप्रमाणे पूरक लिहून घ्या. पोईचं म्हणाल तर नखाएवढा तुकडा द्या. तिला पोदेराची वाट बघण्यात आनंद आहे, तो हिरावून घ्यायचं कारण नाही.

पाऊस सुरू झाल्यापासून कानाला आंबूस वास येतो, डोकं झटकतो. कानातले केस उपटायचे का? (पेडणे)

आत्ता काहीही उपटू नका, काहीही घालू नका. कान सुजलेला असताना केस उपटले तर आत बारीक जखमा होतात. हा वास बहुधा यीस्टचा (एक बुरशी) आहे. पूडलच्या कानाच्या नळीत केस उगवतात, वर कान झाकलेला, त्यात दमट हवा. पण कधी माईट (अगदी बारीक किडे) असतात, कधी जिवाणू, आणि तिन्हींची औषधं वेगळी. डॉक्टरला कानातला मळ काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगा. मागच्या वर्षीचे उरलेले थेंब घालू नका, कानाचा पडदा फुटलेला असेल तर काही औषधांनी ऐकू येणं जातं.

बरा झाल्यावर आठवड्यातून एकदा कुत्र्यांच्या इयर क्लीनरने कान भरा, बुडाशी चोळा, त्याला डोकं झटकू द्या, वर आलेला मळ कापसाने टिपा. बड्स घालू नका, मळ आत ढकलला जातो. केस फक्त वारंवार त्रास होणाऱ्या कानातलेच, थोडे थोडे काढावेत. आणि समुद्रावर नेत असाल तर घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुणं, कान पुसणं आणि पूर्ण सुकवणं चुकवू नका.

गोचीड काढून संपत नाहीत. घर जुनं, चिऱ्याच्या भिंतींचं आहे. (वाळपई)

उत्तर तुम्हीच दिलंत. कुत्र्यांवरची तपकिरी गोचीड रक्त पिऊन खाली पडते आणि भिंतीच्या फटींत हजारो अंडी घालते. कुत्र्यावरच्या काढत राहिलात तर भिंतीतल्या पुन्हा चढतात. कुत्र्याला वजनाप्रमाणे महिन्याची गोळी द्या (फिट येत असतील तर आधी डॉक्टरांना सांगा), फटी सिमेंटने भरा, अंथरूण गरम पाण्याने धुवा. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल नको, बोटांनी चिरडणंही नको. पूडलच्या केसांत गोचीड दिसत नाही, बोटांनीच शोधावी लागते: बेचके, कानाची आतली बाजू, गळ्याखाली. हिरड्या पांढुरक्या दिसल्या, लघवी कॉफीच्या रंगाची झाली, नाकातून रक्त आलं किंवा ताप येऊन खाणं सुटलं, तर त्याच दिवशी रक्त तपासा. गोचीडतापात दोन दिवसांचा उशीरही जिवावर येतो. रेबीज आणि लेप्टोस्पायरोसिसच्या लसींची तारीखही तेव्हाच बघून घ्या. तुंबलेल्या पाण्यात उंदरांचं मूत असतं.

धावताना मध्येच मागचा एक पाय उचलून दोन-तीन उड्या मारते आणि पुन्हा नीट चालते. (मडगाव)

छोट्या पूडलांत गुडघ्याची वाटी सरकणं बरंच आढळतं, आणि वर्णन अगदी तसंच आहे. वजन वाढू देऊ नका, गुळगुळीत लादीवर ती धावते तिथे पायपोस किंवा चटई टाका, सोफ्यावरून उड्या मारणं बंद करा, तळव्यांखालचे केस कापा म्हणजे पाय घसरणार नाही. गळपट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस घाला, या आकाराच्या पूडलांची श्वासनळीही नाजूक असते. दवाखान्यात घाबरून ती नीटच चालेल. म्हणून ती घरी उड्या मारते तेव्हा मागून आणि बाजूने मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि तो घेऊन या.