काफ्का घेण्याआधी: पायथॉनमधले इव्हेंट दोनदा का येतात, कधी का हरवतात

तुमची रचना मला समजली ती अशी: जँगो (वेब फ्रेमवर्क), सेलरी (मागे टास्क चालवणारं साधन), मधे रेडिस (टास्कची रांग, म्हणजे क्यू, सांभाळणारा ब्रोकर). ऑर्डरचे पैसे जमा झाले की पावतीचा मेल, साठा कमी करणं आणि कुरियरला कळवणं या तीन टास्क पोस्ट-सेव्ह सिग्नलमधून (नोंद सेव्ह झाली की जँगो देतो ती सूचना) सुटतात. कधी वर्कर (टास्क चालवणारी प्रोसेस) म्हणतो ऑर्डर सापडली नाही, कधी एकाच ग्राहकाला दोन पावत्या जातात. म्हणून काफ्कावर (इव्हेंट साठवून अनेकांना वाचू देणारी यंत्रणा) जावं का, हा प्रश्न.

जाऊ नका. काफ्का घेतलंत तरी हे दोन्ही दोष तसेच राहतील. ते क्यूमध्ये नाहीतच, डेटाबेस आणि क्यू यांच्या सांध्यावर आहेत.

पहिला दोष लवकर निघेल. ट्रान्झॅक्शन कमिट होण्याआधीच, म्हणजे डेटाबेसमधले बदल पक्के होण्याआधीच, टास्क रेडिसमध्ये पोहोचते, मोकळा वर्कर ती लगेच उचलतो आणि त्याला ऑर्डरची रो (टेबलमधली ओळ) दिसत नाही. टास्क जँगोच्या ऑन-कमिटमधून (कमिट झाल्यावरच चालणारी सोय) सोडा, सेलरी ५.४ पासून त्यासाठी डिले-ऑन-कमिटही मिळतं. काही जण टास्कला दोन-चार सेकंदांचा काउंटडाउन देऊन वेळ मारून नेतात. डेटाबेस ज्या दिवशी हळू चालेल त्या दिवशी तीच चूक परत दिसेल.

दोन पावत्यांची कारणं मात्र एकाहून जास्त असू शकतात, आणि ती सगळी तपासा. पोस्ट-सेव्ह सिग्नल प्रत्येक सेव्हला वाजतो. कुणी अ‍ॅडमिनमध्ये पत्ता दुरुस्त केला तरी वाजतो. 'पैसे मिळाले' ही घटना आहे, 'रो सेव्ह झाली' ही नाही. म्हणून सिग्नल काढून टाका आणि जिथे पेमेंटची खात्री होते त्याच फंक्शनमधून इव्हेंट नोंदवा. दुसरं, पेमेंट गेटवेला वेळेत उत्तर मिळालं नाही की तो तोच वेबहुक (पेमेंट झाल्याचा निरोप) पुन्हा पाठवतो. तिसरं कारण सहसा कुणाच्या लक्षात येत नाही: रेडिस ब्रोकर असताना सेलरीचा व्हिजिबिलिटी टाइमआउट (पोचपावतीची वाट बघण्याचा काळ) मुळात १ तासाचा असतो. 'तीन तासांनी आठवण पाठवा' अशी टास्क तेवढा वेळ पोचपावतीविना पडून राहते, आणि तासाभराने ती दुसऱ्या वर्करला पुन्हा दिली जाते. लांबचं वेळापत्रक क्यूमध्ये ठेवू नका. टेबलमध्ये तारीख-वेळ लिहा आणि सेलरी बीटने (ठरल्या वेळी टास्क सोडणारा भाग) दर मिनिटाला बघा.

एवढं करूनही इव्हेंट दोनदा येणारच, हे गृहीत धरून हँडलर (इव्हेंट आल्यावर काम करणारं फंक्शन) लिहा. माझा आग्रह याच गोष्टीचा आहे. प्रत्येक इव्हेंटला ओळख क्रमांक हवा. स्ट्राइप तो मजकुरात देतं, रेझरपे हेडरमध्ये. एक टेबल करा, त्यात इव्हेंट क्रमांक आणि हँडलरचं नाव या जोडीवर युनिक बंधन. साठा कमी करण्याच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये आधी तिथे रो घाला. ती आधीच असेल तर काम झालेलं आहे, गप बाहेर पडा. मेलला हे पुरत नाही, कारण मेल रोलबॅक होत नाही, गेलेला परत घेता येत नाही. पावती क्वचित दोनदा गेली तर मी चालवून घेईन. रिफंड दोनदा गेलेला चालणार नाही, तिथे गेटवेची आयडेम्पोटन्सी की (तीच विनंती पुन्हा गेली तरी काम एकदाच होऊ देणारी खूण) वापराच.

आता ऑन-कमिटमध्येही एक फट उरते. कमिट झालं आणि त्याच क्षणी प्रोसेस मेली किंवा रेडिस बंद असलं, तर पैसे आले पण पुढे कुणाला कळलंच नाही. यावर आउटबॉक्स टेबल हा उपाय. ऑर्डरची स्थिती बदलता त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये इव्हेंटची रोही लिहायची. वेगळी प्रोसेस त्या रो उचलून क्यूमध्ये टाकते आणि मग 'पाठवलं' अशी खूण करते. पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये ९.५ पासून स्किप लॉक्ड (दुसऱ्याने धरलेल्या रो सोडून पुढे जाणं) आहे, त्यामुळे अशा दोन-तीन प्रोसेस एकमेकींना न अडवता चालतात. टाकल्यावर आणि खूण करण्याआधी प्रोसेस मेली तर इव्हेंट पुन्हा जाईल, आणि म्हणूनच वरचं युनिक टेबल आधी हवं. प्रोसेसला जागं करायला पोस्टग्रेसचं लिसन-नोटिफाय (निरोप देण्या-ऐकण्याची सोय) छान आहे, पण ऐकणारा जोडलेला नसेल तर तो निरोप वाया जातो. दर काही सेकंदांनी टेबल बघणं सोडू नका.

सेलरी काढून वेब प्रोसेसमध्येच असिंकआयओच्या (एकाच प्रोसेसमध्ये अनेक कामं चालवणारी पायथॉनची लायब्ररी) टास्क सोडण्याचा विचारही तुम्ही मांडला आहे. पैशांच्या कामाला नको: प्रोसेस रीस्टार्ट झाली की त्या गेल्या. शिवाय इव्हेंट लूप टास्कचा फक्त वीक रेफरन्स (टास्कला जिवंत न ठेवणारा संदर्भ) ठेवतो, तुम्ही तो कुठे धरून ठेवला नाहीत तर टास्क अर्ध्यातच नाहीशी होऊ शकते.

काफ्काची खरी गरज तेव्हा, जेव्हा तेच इव्हेंट अनेक टीमना स्वतंत्रपणे वाचायचे असतात किंवा मागचे इव्हेंट पुन्हा चालवून बघायचे असतात. तिथेही क्रम फक्त एका पार्टिशनपुरता (प्रवाहाच्या एका भागापुरता) पाळला जातो, तेव्हा पार्टिशन ठरवणारी की म्हणून ऑर्डर क्रमांकच द्या. आणि कुरियर, माल परत येणं, रिफंड असा अनेक दिवस चालणारा प्रवाह झाला तर काफ्काऐवजी टेम्पोरल (लांब चालणारी कामं टप्प्याटप्प्याने सांभाळणारी यंत्रणा) आणि तिचा पायथॉन एसडीके आधी बघा.

कामाला लागताना टेस्ट आधी लिहा: एकच इव्हेंट हँडलरला दोनदा द्या आणि साठा एकदाच कमी झाला ना ते तपासा. जँगोची नेहमीची टेस्टकेस प्रत्येक टेस्ट ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळते, त्यामुळे ऑन-कमिटमधलं काही चालतच नाही आणि टेस्ट उगीच हिरवी दिसते. जँगो ३.२ पासून कॅप्चर-ऑन-कमिट-कॉलबॅक्स (ऑन-कमिटमधलं काम टेस्टमध्ये पकडणारी सोय) आहे, ते काम खरंच चालावं म्हणून त्याला एक्झिक्यूट ट्रू द्यायला विसरू नका.