सायकल सफर परवडेल; तिच्यासाठी घेतलेली पॉलिसी परवडणार नाही

प्रश्न : मी ५२ वर्षांचा असून नाशिकजवळच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो, पत्नी (४९) खासगी शाळेत शिक्षिका आहे आणि तिला रक्तदाबाचा त्रास आहे. दोघांचे मिळून महिन्याला १ लाख ४५ हजार हातात येतात आणि मुलाच्या इंजिनिअरिंगसह १ लाख ५ हजार खर्च होतात. भविष्य निर्वाह निधीत ३८ लाख, म्युच्युअल फंडांत १४ लाख, मुदत ठेवीत ६ लाख आणि बचत खात्यात अडीच लाख आहेत. येत्या सप्टेंबरमध्ये आम्हाला फ्रान्समध्ये ल्वार नदीच्या काठाने ऑर्लेआँपासून नाँतपर्यंत सायकलने जायचे आहे. टूर कंपनीने दोघांचे ८ लाख सांगितले आहेत. वैयक्तिक कर्ज घ्यावे की फंड मोडावेत? ५८ व्या वर्षी निवृत्त झाल्यावर दरवर्षी अशी एक सफर करण्याचा बेत आहे. त्यासाठी बँकेतील अधिकाऱ्याच्या सल्ल्याने दोन वर्षांपूर्वी 'हमखास उत्पन्न' योजना घेतली : दहा वर्षे दरवर्षी ३ लाख भरायचे, बाराव्या वर्षाअखेरपासून वीस वर्षे दरवर्षी ३ लाख मिळणार. हप्त्याची सोय व्हावी म्हणून एसआयपी (फंडांतील दरमहाची ठरावीक गुंतवणूक) थांबवली आणि कंपनीचा ५ लाखांचा आरोग्य विमा असल्याने स्वतःची अकरा वर्षे चालवलेली १० लाखांची पॉलिसी गेल्या वर्षी सोडून दिली. तिसरा हप्ता पुढच्या महिन्यात आहे.

उत्तर : आपण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर एका ओळीत देता येते. कर्ज घेऊ नका, फंड मोडू नका आणि सफर सप्टेंबरऐवजी पुढच्या वर्षी जूनमध्ये करा. आठ लाखांचे वैयक्तिक कर्ज १३ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतले, तर महिन्याला सुमारे २७ हजारांचा हप्ता आणि एकूण पावणेदोन लाखांच्या आसपास व्याज पडेल. शिवाय व्हिसासाठी खाते-उतारे द्यावे लागतात, आणि अर्जाच्या तोंडावर खात्यात एकरकमी आलेले आठ लाख कुठून आले, हे समजावत बसणे सोयीचे नसते.

मुळात या सफरीला आठ लाख लागतच नाहीत. ल्वारकाठचा सायकल मार्ग सुमारे ९०० किलोमीटरचा असून त्यावर जागोजाग दिशादर्शक पाट्या आहेत. आपल्याला हवा असलेला ऑर्लेआँ ते नाँत हा टप्पा साधारण ४०० किलोमीटरचा आणि बहुतेक सपाट आहे. चौदा दिवसांत रोज तीसेक किलोमीटर चालवायला मार्गदर्शक आणि मागून सामान आणणारी गाडी कशाला हवी? विमानाची दोन तिकिटे १ लाख ३० हजार. व्हिसा आणि प्रवास विमा २५ हजार. अठरा रात्रींचा मुक्काम, कधी तंबूच्या तळावर, कधी न्याहारीसह घरगुती खोलीत, सरासरी ७५ युरोंनी (युरो १०५ रुपये धरून) १ लाख ४० हजार. दोघांचे जेवण ८५ हजार. भाड्याच्या सायकली ४५ हजार. रेल्वे २० हजार. अडीअडचणीला ५० हजार धरले तरी बेरीज पाच लाखांच्या आत राहते. 'आक्य व्हेलो' अशी पाटी असलेली मुक्कामाची ठिकाणे मार्गापासून पाच किलोमीटरच्या आत असतात आणि तिथे सायकल सुरक्षित ठेवायला जागा व दुरुस्तीची हत्यारे मिळतात, हे आरक्षण करताना लक्षात ठेवा. लहान गावांतील दुकाने दुपारी बंद होतात आणि रविवारी दुपारनंतर पावही मिळेलच असे नाही. म्हणून खरेदी सकाळी करावी आणि बाहेरचे जेवण दुपारी घ्यावे, कारण दुपारची ठरावीक थाळी रात्रीच्या जेवणापेक्षा बरीच स्वस्त पडते. आणि दिशा उलटी करा : तिथे वारा बहुधा पश्चिमेकडून, म्हणजे समुद्राकडून येतो. नाँतहून निघालात, तर आँजे, सोम्यूर, तूर, आंबुआझ, ब्लुआ असे करत ऑर्लेआँपर्यंत तो बऱ्याचदा पाठीशी राहील.

आता जे आपण विचारलेले नाही त्याकडे वळतो.

फ्रान्सचा, म्हणजे शेंगेन देशांचा, अल्पकालीन व्हिसा घेताना प्रत्येक प्रवाशाला किमान ३० हजार युरोंचे, म्हणजे तीस लाख रुपयांहून अधिक रकमेचे वैद्यकीय संरक्षण घ्यावेच लागते. तेव्हा फ्रान्समधल्या अठरा दिवसांत आपल्यापैकी कुणाला रुग्णालयात जावे लागले, तर सोय आहे. परत आल्यावर नाशिकमध्ये मात्र आपल्या दोघांमागे मालकाने दिलेला पाच लाखांचा विमा एवढेच उरते, आणि तोही आपण नोकरीत असेपर्यंतच. पत्रातील सर्वांत मोठी चूक ही आहे, आणि आपण ती अर्ध्या वाक्यात उल्लेखून पुढे गेला आहात.

अकरा वर्षे चालवलेल्या आरोग्य पॉलिसीचे मोल तिच्या दहा लाखांपुरते नव्हते. तिचा पूर्वीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळ, ज्यात त्या आजारांचा खर्च मिळत नाही, केव्हाच संपला होता, आणि सलग साठ महिने पूर्ण झाल्यामुळे फसवणूक सिद्ध केल्याशिवाय विमा कंपनीला जुनी माहिती उकरून दावा नाकारणे शक्य नव्हते. हे सगळे वर्षाला ३८ हजार वाचवण्यासाठी सोडले गेले. नूतनीकरणाची सवलतीची मुदत उलटून गेल्यामुळे आता नवीच पॉलिसी घ्यावी लागेल, आणि पत्नीच्या रक्तदाबासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकेल. ती आज घेतली, तर हा काळ आपण ५५ वर्षांचे असताना संपेल आणि तोवर कंपनीचा विमा साथीला असेल. निवृत्तीनंतर घेऊ म्हणालात, तर पत्नीच्या रक्तदाबापुरती ५८ ते ६१ ही वर्षे कोणत्याही आधाराविना काढावी लागतील. दहा लाखांची मूळ पॉलिसी आणि तिच्यावर सुपर टॉप-अप (ठरावीक रकमेच्या वरचा खर्च देणारी जोड पॉलिसी) याच महिन्यात घ्या, अर्जात रक्तदाब स्पष्ट लिहा. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही. वर्षाला पन्नास हजारांच्या आत-बाहेर खर्च येईल, असे धरून चला.

आणि हे कशासाठी सोडले? त्या 'हमखास उत्पन्ना'साठी. अधिकाऱ्याने आपल्याला तीस लाखांचे साठ लाख होतात, म्हणजे पैसे दुप्पट होतात, असे सांगितले असणार. एकतीस वर्षांत पैसे दुप्पट होणे ही कौतुकाची गोष्ट नाही! आपण दिलेल्या आकड्यांवरून परताव्याचा दर वर्षाला जेमतेम ४.३ टक्के निघतो; पीपीएफ ७.१ टक्के देते आणि त्यासाठी कुणी आपल्या घरी चहाला येत नाही. दहावा हप्ता आपण ५९ व्या वर्षी भराल, म्हणजे दोन हप्ते निवृत्तीनंतरचे आहेत. पहिले तीन लाख ६२ व्या वर्षी हाती येतील आणि शेवटचे ८१ व्या. महागाई सहा टक्के धरली, तर योजनेच्या पहिल्या दिवसाच्या किमतीत ते पहिले तीन लाख दीड लाखांइतके असतील, ज्यात दोन विमानतिकिटे आणि व्हिसा होईल, पण खाण्याराहण्याला काही उरणार नाही. शेवटचे तीन लाख ५० हजारांच्याही खाली गेलेले असतील. निवृत्तीनंतरच्या दरवर्षीच्या सफरीचा खर्च हे उत्पन्न कधीच पेलू शकले नसते, आणि हे विकणाऱ्याला ठाऊक नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

सहा लाख गेले ते गेले. निर्णय उरलेल्या चोवीस लाखांचा घ्यायचा आहे. पुढचे आठ हप्ते भरत राहिलात, तर त्या पैशांवर साडेचार टक्क्यांच्या आसपास मिळेल. पॉलिसी आज परत केली, तर दोन हप्त्यांनंतर किमान हमी भरलेल्या रकमेच्या ३० टक्क्यांची, म्हणजे १ लाख ८० हजारांची आहे. विशेष समर्पण मूल्य, म्हणजे पॉलिसी परत केल्यावर कंपनी प्रत्यक्षात देऊ करते ती रक्कम, याहून जास्त असू शकते. हप्ते थांबवून पॉलिसी 'पेड-अप' करून ठेवली, तर ढोबळमानाने दोन दशांश, म्हणजे बाराव्या वर्षाअखेरपासून वर्षाला ६० हजार मिळत राहतील, ज्यांची आजची किंमत सात टक्क्यांनी साडेतीन लाखांच्या घरात जाते. त्यामुळे रागाच्या भरात पॉलिसी मोडू नका. समर्पण मूल्य आणि पेड-अप लाभ असे दोन्ही आकडे विमा कंपनीकडून, बँकेकडून नव्हे, लेखी मागवा. समर्पण मूल्य साडेतीन लाखांच्या खाली असेल, तर पेड-अप करा. तिसरा हप्ता कोणत्याही परिस्थितीत भरू नका.

फंड १८ टक्क्यांनी वाढतील असे धरून निवृत्तीनंतर महिना ६० हजार खर्चाचा हिशेब आपण पत्रासोबत जोडला आहे. तो बाजूला ठेवा. दहा टक्के धरले, तर सहा वर्षांनी फंडांचे २५ लाख, भविष्य निर्वाह निधीचे नव्या भरण्यासह ८० लाख आणि पुन्हा सुरू होणाऱ्या एसआयपीचे तीसेक लाख, असे सव्वा कोटींच्या पुढे थोडेसे जमतील. आजचे ६० हजार तेव्हा ८५ हजार झालेले असतील आणि त्यासाठी अडीच कोटी हवेत. आपल्या निवृत्तीनंतर पत्नीची नोकरी आणखी तीन वर्षे चालेल, त्याने ही दरी थोडी कमी होते, मिटत नाही. आपण साठीपर्यंत काम करावे हे बरे, आणि निवृत्तीनंतर सफरी दरवर्षी नव्हे, तर तीन-चार वर्षांतून एकदा, असेच धरावे.

आजच्या घडीला महिन्याला शिल्लक राहणाऱ्या ४० हजारांपैकी २५ हजार ही योजना खाते. ती थांबवल्यावर चार-साडेचार हजार आरोग्य विम्याला, १५ हजार एसआयपीला आणि २० हजार सफरीला लावा. पुढच्या जूनपर्यंत वर्षभरात २ लाख ४० हजार जमतील, बचत खात्यातले अडीच लाख आहेतच. मुदत ठेवीला, जी आपली अडचणीच्या दिवसांची शिल्लक आहे, हात लावावा लागणार नाही. परत आल्यावर ते २० हजारही एसआयपीत जाऊ द्या. हप्त्याची तारीख जवळ येताच बँकेतून फोन येईल आणि 'पॉलिसी बंद पडली तर सगळे बुडेल' असे ऐकवले जाईल. बुडणार काय आणि उरणार काय, याचा आकडा तोवर लेखी आपल्या हातात असला पाहिजे, म्हणून कंपनीला पत्र उद्याच पाठवा.