रविवारची गर्दी आणि काळू नदी

प्रश्न : आम्ही तिघं मित्र रविवारी पहाटे ठाण्याहून निघून टिटवाळ्याच्या पुढे काळू नदीवर गळ टाकायला जातो. पूर्वी काठावर ओळखीचेच चेहरे दिसायचे. आता मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून इतके जण येतात की हातभर जागा मिळत नाही. गळाचा तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, दुसऱ्याच्या तंगुसात अडकतो, मग शिवीगाळ. परवाना चांगला महाग केला तर ही गर्दी आपोआप हटेल असं मला वाटतं. परदेशात असंच करतात ना?
– एक वाचक, कोलशेत, ठाणे

उत्तर : तुमचा त्रास मी स्वतः पाहिला आहे, पण महाग परवान्याला माझा ठाम विरोध आहे. पैशाची चाळणी लावली की सगळ्यात आधी काठावरचा माणूस बाहेर पडतो. काळूच्या काठचा कातकरी संध्याकाळच्या कालवणासाठी गळ टाकतो. आपण पाच हजारांचा रॉड घेऊन गाडीने येतो. आपल्याला परवान्याचे हजार रुपये जड नाहीत, त्याला शंभरही जड आहेत. नदीवर पहिला हक्क त्याचा.

आणि परदेशात सगळं पैशावर चालतं असंही नाही. अलास्कातली केनाई नदी बघा. 1985 साली इथे 97 पौंड 4 औंसांचा किंग सॅमन, सॅमन माशातली सगळ्यात मोठी जात, गळाला लागला, म्हणजे सुमारे 44 किलोंचा! तिथे झुंबड उडणारच. तिथल्या नियमांनी माणसं अडवण्यापेक्षा वेळ वाटून दिली. पैसे घेऊन पाहुण्यांना बोटीतून फिरवणाऱ्या गाइडांना मे ते जुलैच्या मोसमात सकाळी 6 ते संध्याकाळी 6 एवढीच मुभा, रविवारी बंद. त्याच मोसमात सोमवारी इंजिनाच्या बोटीतून मासेमारी नाही, फक्त वल्ह्याच्या. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती काठाची काळजी. सॅमनची पिल्लं काठावरून पाण्यात झुकलेल्या गवताच्या आडोशाने वाढतात. हजारो पायांनी ते गवत तुडवलं गेलं, काठ ढासळले. म्हणून काही पट्टे काठावरून गळ टाकायला बंद केले आणि इतरत्र जाळीदार पायवाटा उभारल्या, म्हणजे खालच्या गवताला ऊन मिळतं. गर्दीचा घाव फक्त पकडलेल्या माशांवर मोजून चालत नाही.

अमेरिकेतल्याच मोंटाना राज्यातल्या बिग होल नदीवर पट्टे पाडले आहेत आणि वारानुसार वेगवेगळा पट्टा धंदेवाईक बोटींना बंद असतो. न्यूझीलंडच्या ग्रीनस्टोन नदीच्या वरच्या भागात ऐन मोसमात पट्ट्याचं आगाऊ बुकिंग करावं लागतं, कारण तिथला ट्राउट मासा एकदा माणसाला बुजला की बराच वेळ तोंड उघडत नाही.

आपल्याकडे यातलं काय चालेल? सगळ्यात आधी माणशी एकच रॉड. अलास्कात गोड्या पाण्यात साधारणपणे हाच नियम आहे. काळूवर मी एकेका माणसाला चार-चार रॉड रोवून बसलेलं पाहतो. निम्मी गर्दी माणसांची नसून रॉडांची आहे. दुसरं, पैसे घेऊन टोळकी आणणाऱ्यांना रविवार बंद. तिसरं, काठाचा एक तुकडा आळीपाळीने मोकळा ठेवायचा, तिथे कुणीच उतरायचं नाही. बाहेरच्यांसाठी जागा चिठ्ठ्या टाकून द्याव्यात, बोली लावून नव्हे. गावातल्यांना रॉड आणि मोकळा तुकडा यांपलीकडे कसलीच अट नको, एक सोडून : वलगणीचे दिवस. पहिल्या पावसात अंडी भरलेले मासे ओढ्यांतून, भातखाचरांतून वर चढतात आणि तेव्हाच काठीने, जाळीने, हाताने त्यांची लूट होते. त्या दिवसांत शहरातल्यांनी तर नदीकडे फिरकूच नये. पोटातली अंडी खाऊन पुढच्या वर्षी मासे कुठून येणार? गावकऱ्यांशी मात्र याबद्दल समोर बसून बोलावं लागेल. शहरातून नुसता फलक पाठवला तर कुणी वाचणारही नाही.

हे होण्यासाठी तुम्ही तिघांनी आधी ग्रामपंचायतीत जा, सरपंचांना भेटा, तिथे मच्छीमार सहकारी संस्था असेल तर तिच्याही लोकांना सोबत घ्या. मग सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात द्या. अर्जात एक रॉड, मोकळा पट्टा आणि वलगणीतली बंदी एवढंच मागा. परवान्याच्या किमतीचा विषय काढू नका. आणि उत्तराची वाट न पाहता येत्या रविवारी तुम्ही स्वतः एकेकच रॉड घेऊन जा, तुटलेला तंगूस गोळा करून परत आणा. बगळ्यांच्या पायात तो अडकलेला मी पाहिला आहे.