पेठचं कार्ड, सातपूरचं दुकान

प्रश्न : आम्ही पेठ तालुक्यातले, सातपूरला भाड्याने राहतो. यजमानांचं कंपनीतलं काम सुटलंय. घरात पाच माणसं, धाकटी दीड वर्षाची. रेशनकार्ड गावचं आहे. नाशिकचं नवं कार्ड निघेपर्यंत काय करावं?

उत्तर : ताई, आत्ता नव्या कार्डाच्या मागे लागू नका. गावच्या कार्डातून नावं कमी झाली आणि इकडचं काम रखडलं, तर मधल्या महिन्यांचं धान्य हातचं जाईल. तुमचं कार्ड अंत्योदय किंवा प्राधान्य कुटुंबाचं असेल, तर त्याच कार्डावर सातपूरच्या कोणत्याही रेशन दुकानात धान्य मिळतं. कार्डाचा बारा अंकी नंबर किंवा घरातल्या एकाचा आधार नंबर सांगा, मशीनवर अंगठा द्या. प्राधान्य कार्डावर माणशी 5 किलो, अंत्योदयला कार्डामागे 35 किलो. जानेवारी 2023 पासून हे धान्य मोफत आहे, त्यामुळे पैसे देऊ नका. पावती मात्र मागून घ्या.

अडतं कुठे, तेही सांगतो. धाकटीचं नाव कार्डात नसेल तर प्राधान्य कार्डावर 25 ऐवजी 20 किलोच निघेल. जन्मदाखला जोडून नमुना 8 चा अर्ज पेठ तहसीलच्या पुरवठा शाखेत द्या. गावाकडे कुणी या महिन्याचं धान्य आधीच उचललं असेल तर मशीन शिल्लक शून्य दाखवतं, म्हणून आधी गावी फोन करून विचारा. ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, राहिली असेल तर ती इथल्याच दुकानात होते, गावी जायला नको. कष्टाच्या कामाने बोटांच्या रेषा झिजतात आणि अंगठा उमटत नाही. हात धुऊन, कोरडे करून दुसरं बोट लावा, नाहीतर कार्डात नाव असलेल्या दुसऱ्या कुणाला न्या. महिनाअखेरीची वाट बघू नका, दुकानातला साठा तोवर संपलेला असू शकतो. ‘तुमचं कार्ड इथलं नाही’ एवढंच कारण सांगून कुणी परत पाठवलं, तर 1967 वर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून ठेवा.

धाकटीसाठी उद्याच जवळच्या अंगणवाडीत जा. सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांना तिथे पोषण आहार मिळतो, त्याला रेशनकार्ड लागत नाही.

प्रश्न : आमचं केशरी कार्ड आहे, वर्षाचं उत्पन्न 50 हजार. पंचवटीतल्या दुकानात धान्य देत नाहीत. का?

उत्तर : कार्ड केशरी असलं म्हणून धान्य सुरू होत नाही, नाव प्राधान्य यादीत असावं लागतं. शहरात त्याची उत्पन्नमर्यादा वर्षाला 59 हजार, ग्रामीण भागात 44 हजार. म्हणजे तुम्ही बसता. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि सगळ्यांची आधारकार्डं जोडून शहराच्या धान्य वितरण अधिकाऱ्यांकडे अर्ज करा. ‘इष्टांक भरलाय’ हे उत्तर मिळू शकतं आणि ते खोटंच असेल असं नाही, कारण लाभार्थ्यांची संख्या ठरलेली असते, नावं वगळली की जागा होते. तरी तोंडी नकार ऐकून परतू नका. अर्ज आत द्या, तारीख-शिक्क्याची पोच घ्या.