नळीत स्टेंट आणि हातात महापेची ऑफर

कळव्याच्या एका वाचकांचं पत्र आलंय. पत्नीचं वय ४१. जूनमध्ये पित्ताची पिशवी दुर्बिणीतून काढली. सप्टेंबरअखेर डोळे पिवळे झाले, रात्ररात्र खाज. एमआरसीपीत, म्हणजे पित्ताच्या नळीच्या एमआरआयमध्ये, ती एका जागी आकसलेली दिसली आणि ऑक्टोबरमध्ये ईआरसीपी करून, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून, तिथे स्टेंट बसवला, नळी उघडी ठेवणारी बारीक पोकळ नळी. आता डॉक्टर दोन वाटा सांगतात. वर्षभर दर तीन महिन्यांनी स्टेंट बदलायचा, दर खेपेला साधारण ७५ हजार. नाहीतर नळी थेट आतड्याला जोडायचं मोठं ऑपरेशन, साडेचार लाख. कंपनीची ग्रुप पॉलिसी ५ लाखांची आहे. ती १ एप्रिलला रिन्यू होते आणि यंदाचे १ लाख ७० हजार वापरून झालेत. एफडी साडेतीन लाखांची. त्यात महापेच्या एका कंपनीची ऑफर आलीय, हातात महिना १२ हजार जास्त. ते विचारतात, "स्टेंट परवडतो, ऑपरेशन नाही. मग स्टेंटच घेऊन, नोकरी बदलून खर्च भरून काढू का?"

साहेब, स्टेंट परवडतो हे तुम्ही एका खेपेचं बिल बघून म्हणताय. जानेवारी, एप्रिल, जुलै आणि शेवटचा काढायला ऑक्टोबर, अशा अजून चार खेपा आहेत. म्हणजे ३ लाख. शिवाय प्रत्येक खेपेला तुमची एक-दोन दिवसांची रजा. आणि वर्षभरानंतर नळी पुन्हा आकसली तर ऑपरेशन आहेच, मग आकडा साडेसात लाखांवर जातो. स्टेंट वाईट असं मी म्हणत नाही. पुष्कळ जणांचं तेवढ्यावर भागतं. पण नळी पूर्ण कापली गेली असेल किंवा आकसलेली जागा वर, यकृताजवळच्या फाट्यापाशी असेल, तर सर्जन बहुधा ऑपरेशनकडेच झुकतात. ही निवड एफडी बघून करायची नाही. डॉक्टरांना सरळ विचारा, "आमच्या केसमध्ये वर्षानंतर स्टेंट काढल्यावर नळी उघडी राहील असं तुम्हाला किती खात्रीने वाटतं?" हीच ऑपरेशनं नेहमी करणाऱ्या सर्जनचं दुसरं मतही घ्या. परळच्या केईएममध्ये पोटाच्या शस्त्रक्रियांचा स्वतंत्र विभाग आहे, कळव्याहून स्लो लोकल थेट जाते. या सगळ्या प्रकरणात सगळ्यात कमी पैशात सगळ्यात जास्त पदरात पडेल ते इथेच.

आता विम्याचं. ऑपरेशन लगेच केलं तर पॉलिसीत ३ लाख ३० हजारच उरलेत, वरचे १ लाख २० हजार खिशातून. तेच एप्रिलनंतर केलं तर नवे ५ लाख हाताशी येतात. म्हणून जानेवारीत स्टेंट बदलून एप्रिलपर्यंत थांबलं तर चालेल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. ते नाही म्हणाले तर थांबू नका. थंडी वाजून ताप आला, पुन्हा कावीळ दिसली तर त्याच रात्री दवाखाना गाठायचा. प्लास्टिकचा स्टेंट तीनेक महिन्यांत तुंबायला लागतो, म्हणून बदलायची तारीख ढकलणं ही बचत नाही. आयसीयूचं बिल स्टेंटच्या बिलाच्या कितीतरी पट असतं.

तुमच्या पॉलिसीच्या कागदात एक ओळ आहे, जी तुम्ही पत्रात लिहिलीय पण तिच्यावर काही विचारलेलं नाही: रूमचं भाडं रोज ५ हजारांपर्यंत. हॉस्पिटलचा अंदाज ८ हजारांच्या सिंगल रूमचा आहे. आपल्याला वाटतं, सात दिवसांचे २१ हजार जास्त जातील, जाऊ देत. तसं होत नाही. रूम मर्यादेबाहेर गेली की सर्जनची फी, ओटी, भूल, नर्सिंग हे सगळं त्याच प्रमाणात कापतात, आठातले पाच भागच मिळतात. औषधं, तपासण्या वगळून हा भाग ३ लाख २० हजारांचा धरला तर १ लाख २० हजार गेले. दोघांत एक अशी ट्विन शेअरिंग रूम घ्या. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी दहातले आठ जण हे डिस्चार्जच्या दिवशी, बिलिंगच्या काउंटरवर शिकतात.

नोकरीबद्दल मात्र माझं मत स्पष्ट आहे. १२ हजारांप्रमाणे वर्षाला १ लाख ४४ हजार वाढतात. त्या बदल्यात तुम्ही जे सोडताय ते जुन्या आजारासह पहिल्या दिवसापासून चालणारं ५ लाखांचं कव्हर आहे. ग्रुप पॉलिसी साधारण शेवटच्या कामाच्या दिवशीच संपते. महापेच्या एचआरला मेल करून तीन गोष्टी लेखी मागा: पत्नीला कव्हर रुजू झाल्याच्या दिवसापासून की प्रोबेशननंतर, आधीचा आजार पहिल्या दिवसापासून धरला जाईल का, आणि रूमची मर्यादा किती. तोंडी "हो हो, सगळं कव्हर आहे" याला अर्थ नाही. तिन्ही उत्तरं चांगली आली तरी रुजू होण्याची तारीख स्टेंटच्या दोन खेपांच्या मधोमध घ्या आणि दोन नोकऱ्यांमध्ये एक दिवसही रिकामा ठेवू नका. उत्तरं मोघम आली तर ऑफर सोडा. पुढच्या वर्षी दुसरी येईल.

तुमचा विमा एजंट सुचवतोय ती १० लाखांची नवी पॉलिसी तुमच्यासाठी आणि मुलासाठी जरूर घ्या. पत्नीला त्यात घातलंत तर या आजारासाठी ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, म्हणजे आत्ताच्या खर्चाला तिचा उपयोग शून्य. आणि "फॉर्मवर ऑपरेशनचं लिहू नका, कोण बघतंय" असं तो म्हणाला असेल, तर एजंट बदला.

पैसा लागलाच तर आधी एफडीवर कर्ज काढा, एफडी मोडू नका. त्याचा दर एफडीच्या व्याजापेक्षा एक-दोन टक्केच जास्त असतो, पर्सनल लोन त्याच्या कितीतरी वर. रेशनकार्ड शोधून ठेवा. जुलै २०२४ पासून महात्मा फुले जन आरोग्य योजना राज्यातल्या सगळ्या कार्डधारकांना खुली आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. हे ऑपरेशन कुठल्या हॉस्पिटलात बसतं ते तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, विचारा.

जूनच्या ऑपरेशनवरून सर्जनवर केस करा असा तुमच्या मेहुण्यांचा आग्रह आहे. पिशवी काढताना नळीला इजा होणं हे चांगल्या सर्जनच्या हातूनही हजारात काहींच्या बाबतीत घडतं, त्यामुळे प्रत्येक वेळी तो हलगर्जीपणाच असतो असं नाही. ग्राहक आयोगात जायला २ वर्षं मिळतात, तेव्हा घाई नाही. पण जूनच्या ऑपरेशनची सगळी कागदपत्रं आत्ताच लेखी अर्ज देऊन घ्या. भरपाईचा एक रुपयाही हिशेबात धरू नका.

राहता राहिल्या खर्चासाठी पत्नीने पुढे केलेल्या सोन्याच्या पाटल्या. त्या कपाटातच राहू द्या. जानेवारीचं बिल भरून झाल्यावरही तो विषय घरात निघाला, तर मला पुन्हा लिहा.