पकडीच्या जोडीला ठोसा कोणता?

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे एकाच विषयावरची तीन पत्रे आली. तिन्ही पत्रे पकडीचा खेळ (कुस्ती, जिउ-जित्सू, ज्युदो) खेळणाऱ्यांची किंवा त्यांच्या घरच्यांची आहेत आणि तिघांनाही त्या खेळाच्या जोडीला ठोसे-लाथांचा एखादा खेळ निवडायचा आहे. गरजा निरनिराळ्या असल्यामुळे उत्तरेही स्वतंत्र देत आहे.

प्रश्न : मी २१ वर्षांचा असून कोल्हापुरातील एका तालमीत सात वर्षे कुस्ती करत आहे. वजन ७४ किलो. माती आणि मॅट, दोन्हींवर खेळतो. एकेरी पट आणि ढाक हे माझे भरवशाचे डाव आहेत. पुढे मिक्स्ड मार्शल आर्ट्समध्ये, म्हणजे ठोसे, लाथा आणि पकड एकत्र असलेल्या खेळात, उतरण्याची इच्छा आहे. आमच्या भागात बॉक्सिंग, मुए थाई, कराटे आणि वुशू या चारही खेळांचे वर्ग चालतात. कोणता निवडावा? आमचे वस्ताद म्हणतात की, ठोसे शिकायला गेलास तर कुस्ती मोडेल. यात कितपत तथ्य आहे?

उत्तर : वस्तादांच्या म्हणण्यापासूनच सुरुवात करतो, कारण त्यात तथ्य आहे आणि ते नीट समजून घेतले तर निम्मी निवड तिथेच होते. मल्ल उभा राहतो तो गुडघे वाकवून, डोके आणि हात पुढे ठेवून. आणि उजव्या हाताचे पुष्कळ मल्ल उजवाच पाय पुढे टाकतात, कारण पट काढताना, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा पाय धरून त्याला पाडताना, जोरकस पाय आणि जोरकस हात प्रतिस्पर्ध्याच्या जवळ असावा लागतो. बॉक्सिंगमध्ये उजव्या हाताच्या खेळाडूला सर्वसाधारणपणे डावा पाय पुढे ठेवायला, उजवा हात मागे राखायला आणि हनुवटी छातीकडे ओढून घ्यायला शिकवतात. हे दोन पवित्रे सकाळ-संध्याकाळ आळीपाळीने, कसलाही विचार न करता घेत राहिले तर वर्षभरात दोन्ही कच्चे राहतात, आणि असे झालेले एखादे पोर तुमच्या वस्तादांनी पाहिलेले असणार. त्यावर उपाय आहे. बॉक्सिंगच्या प्रशिक्षकांना पहिल्याच दिवशी सांगा की, मी उजवा पाय पुढे ठेवून लढणारा मल्ल आहे आणि ठोसेही मला त्याच पवित्र्यात शिकायचे आहेत. डावखुऱ्यासारखे उभे राहून उजव्या हाताने जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, मारणारे बॉक्सर असतातच. या जॅबमागून पट काढताना तुम्हाला पाय बदलावा लागणार नाही, आणि तालमीत परत आल्यावर उभे राहण्याची सवयही मोडलेली नसेल.

यावरून माझे उत्तर तुमच्या ध्यानात आलेच असेल. निदान पहिले वर्षभर बॉक्सिंगच करावे, असे माझे मत आहे आणि त्याचे कारण खडाखडीत, म्हणजे कुस्तीच्या सुरुवातीच्या उभ्या झटापटीत, आहे. आखाड्यात सलामी झाली, हाताला हात भिडले की दोघेही एकमेकांच्या मानेवर आणि मनगटावर हात टाकायला मोकळे असतात, कारण तिथे कोणी तोंडावर ठोसा मारणार नसतो. त्यामुळे दुरून पकडीपर्यंत येण्याचे जे दोन पावलांचे अंतर असते, ते मल्लाला आयुष्यभर फुकट मिळत आलेले असते. मिक्स्ड मार्शल आर्ट्समध्ये ते दर वेळी कमवावे लागते, आणि ते कसे कमवायचे हे बॉक्सिंगइतके बारकाईने दुसरा कोणताही खेळ शिकवत नाही.

मी स्वतः तालमीतून बॉक्सिंगच्या हॉलमध्ये गेलो तेव्हा पहिल्याच सरावात माझा पुढचा हात आपोआप समोरच्याची मान धरायला जाई. हात गेला की हनुवटी उघडी पडे आणि त्याचा जॅब नाकावर बसे. तीन मिनिटांच्या एका फेरीत हे पाच वेळा झाले. प्रशिक्षकांनी मग हॉलच्या एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत खांद्याच्या उंचीवर दोरी बांधली आणि तिच्याखालून डावीकडे-उजवीकडे होत पुढे सरकायला लावले. मी कमरेत वाकून, जमिनीकडे बघत जात होतो. ते म्हणाले, "कमरेत कशाला वाकतोस, गुडघ्यांत बस. एवढ्या बैठका मारल्यास त्या कशासाठी?" पायांत बळ होतेच, फक्त नजर समोरच्याच्या छातीवर ठेवून खाली बसायचे होते. तेवढे जमायला मला दोन महिने लागले, परंतु त्यानंतर पटात शिरताना माझे डोके कधी आंधळेपणाने पुढे गेले नाही.

डोके असे पुढे गेले तर काय होते, हे बेन आस्क्रेनच्या लढतीत जगाने पाहिले आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये अमेरिकेकडून खेळलेला हा नामवंत मल्ल जुलै २०१९ मध्ये मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या लढतीत होर्हे मास्विदालविरुद्ध घंटा होताच पकडीसाठी खाली झुकला. मास्विदाल धावत आला, त्याने उडी घेऊन गुडघा मारला आणि लढत पाच सेकंदांत संपली. आस्क्रेनच्या कुस्तीत काही उणे नव्हते. पकडीआधी समोरच्याला हात वर घ्यायला लावणारा, त्याची नजर वर खेचणारा ठोसा आस्क्रेनच्या त्या झेपेत नव्हता.

ठोशाची ताकद तुमच्याकडे निम्मी तयार आहे, हेही लक्षात घ्या. ढाक मारताना पायाचा चवडा, कंबर आणि खांदा ज्या क्रमाने फिरतात, जवळपास त्याच क्रमाने मागच्या हाताचा ठोसा निघतो. ग्रीको-रोमन कुस्तीत १९९२ आणि १९९६ ची ऑलिंपिक खेळलेल्या डॅन हेंडरसनने पुढे मिक्स्ड मार्शल आर्ट्समधली आपली ख्याती मुख्यतः उजव्या हाताच्या एका ठोशावर उभी केली. अडचण येते ती खांद्यांची. मल्लाचे दंड आणि खांदे पकडीसाठी सतत आवळलेले असतात आणि आवळलेल्या हाताचा ठोसा उशिरा पोहोचतो. शिवाय दुसऱ्या मिनिटालाच हात जड होतात. मॅटवरची कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन भागांत संपते, तर मिक्स्ड मार्शल आर्ट्सची साधी लढत पाच मिनिटांच्या तीन फेऱ्यांची असते. म्हणून पहिले तीन महिने जोर लावून मारूच नका. श्वास सोडत, हात सैल ठेवून मारा.

बॉक्सिंगच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. सरावातले १६ औंसांचे, म्हणजे साधारण ४५० ग्रॅमचे ग्लोव्ह्ज तोंडासमोर धरले की त्यांच्यामागे लपता येते; मिक्स्ड मार्शल आर्ट्सचे ग्लोव्ह्ज सुमारे ४ औंसांचे आणि उघड्या बोटांचे असतात, त्यांच्या फटींतून ठोसा सहज आत येतो. शिवाय बॉक्सर खोल वाकून ठोसा चुकवतो, तेव्हा त्याचे तोंड नेमके गुडघ्याच्या वाटेत येते. म्हणून वर्षभरानंतर मुए थाईकडे, म्हणजे ठोसे-लाथांबरोबर गुडघे आणि कोपरेही वापरणाऱ्या थाई खेळाकडे, जा आणि तिथे आधी मानेच्या पकडीतले गुडघे शिका. हेन्री सेहुदो २००८ चा ऑलिंपिक सुवर्णपदकविजेता मल्ल. तरीही एप्रिल २०१६ मध्ये डिमेट्रियस जॉन्सनने त्याला उभ्या पकडीतच, पोटात गुडघे मारून, पहिल्या फेरीत हरवले. मानेवर हात टाकून खेळणे ज्याच्या रक्तात आहे, त्याने हे उदाहरण वारंवार आठवावे. सेहुदोने नंतर आपला पवित्रा बदलला, कराटेच्या खेळाडूसारखे पाय रुंद ठेवून आत-बाहेर होण्याची चाल बसवली आणि ऑगस्ट २०१८ मध्ये त्याच जॉन्सनला गुणांवर हरवून किताब घेतला.

तरीही तुम्हाला मी कराटे सुचवणार नाही. क्योकुशिन शैलीत अंगावर खरा मार बसतो, ही तिची मोठी जमेची बाजू. पण तिच्या स्पर्धांत हाताचा ठोसा तोंडावर मारता येत नाही आणि त्यामुळे हात खाली राहण्याची सवय लागते. गुण मिळताच लढत थांबवणाऱ्या शैली तुमच्या कामाच्या नाहीत.

वुशूचा विचार मात्र मनापासून करा. त्यातल्या सांडा प्रकारात ठोसे, लाथा आणि समोरच्याला पाडणे या तिन्हींना गुण आहेत. आलेली लाथ पकडायची आणि तोच पाय धरून माणूस आडवा करायचा, हा सांडाचा नेहमीचा डाव, आणि एकेरी पट काढणाऱ्याला तो शिकवावा लागत नाही. जमिनीवरची लढत त्यात नाही आणि उभी पकडही पंच लगेच सोडवतात, एवढेच न्यून आहे. तुमच्या भागातले वुशूचे प्रशिक्षक बॉक्सिंगच्या प्रशिक्षकांपेक्षा सरस असतील तर बिनदिक्कत तिकडे जा. ते सरस आहेत की नाही, हे भिंतीवरच्या पदकांवरून ठरवू नका. संध्याकाळी एक तास कोपऱ्यात बसून पाहा. नवशिक्याला जुन्या खेळाडूसमोर उभे केल्यावर जुना खेळाडू हात आवरता घेतो का, सर्वांच्या तोंडात दातांचे रक्षक आहे का आणि डोक्याला मार बसलेल्या मुलाला प्रशिक्षक खरोखर बाहेर बसवतात का, हे तेवढ्या वेळात कळते.

वेळापत्रकाचे म्हणाल तर गावोगावच्या यात्रांची मैदाने दिवाळीनंतर सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालतात. ठोशांची सुरुवात पावसाळ्यात करा. आठवड्यातून तीन दिवस पुरेत, आणि तालमीत जोराच्या लढती असतील त्या दिवशी समोरासमोर ठोशांचा सराव करू नका. साडेचार मीटरची पट्टी मनगटापासून बोटांच्या मुळापर्यंत बांधल्याशिवाय बॅगेला हात लावू नका; तर्जनी आणि मधल्या बोटाची हाडे आधी लागली पाहिजेत, करंगळीच्या बाजूने ठोसा बसला तर तिच्यामागचे हाड मोडते आणि मग कुस्तीही दीड-दोन महिने बंद. हेल्मेट घातल्याने कातडी फाटत नाही, परंतु मेंदूला बसणारा हादरा त्याने टळत नाही. डोके गरगरले, मळमळले किंवा थोडा वेळ काय झाले ते आठवेनासे झाले तर सराव तिथेच थांबवा, डॉक्टरांना दाखवा आणि त्यांनी परवानगी देईपर्यंत तालमीतही उतरू नका.

वस्तादांना एकदा हॉलवर घेऊन जा. आपल्या पठ्ठ्याचा पाय जिथल्या तिथे आहे, हे त्यांच्या नजरेतून सुटणार नाही.

प्रश्न : मी ठाण्यात राहतो, वय ४१. तीन वर्षांपासून ब्राझिलियन जिउ-जित्सू शिकतो आहे. स्पर्धा खेळायची नाही, परंतु प्रसंग आलाच तर स्वतःचे रक्षण करता यावे एवढी अपेक्षा आहे. माझ्यासाठी काय योग्य?

उत्तर : तुम्हाला मी मुए थाई सुचवेन. कोल्हापूरच्या मल्लाला बॉक्सिंग सांगितले, कारण उभ्याने माणूस पाडणे त्याला येतेच. जिउ-जित्सूचा भर जमिनीवरच्या पकडींवर असल्याने त्याच्या वर्गांत बराचसा सराव बसून किंवा गुडघ्यांवरून सुरू होतो, आणि डांबरी रस्त्यावर, समोर दोघे-तिघे असताना, आपण होऊन खाली बसणे हा धोका आहे. मुए थाईतली पुढे ढकलणारी लाथ माणसाला दूर ठेवते. तो जवळ आलाच तर कोपरे आत घेऊन त्याची मान धरणे आणि त्याला फिरवून आपण बाजूला निघणे तिथे रोज घटवून घेतात. त्या फिरवण्यातूनच पाठीमागे जाण्याची वाट मिळते आणि तिथून पुढचे तुम्हाला ठाऊक आहे.

या वयात डोक्यावर मार घेऊन काही मिळवायचे नाही. आठवड्यातून दोन दिवस पॅडवर काम आणि उभ्या पकडीचा सराव करा. समोरासमोरचा सराव केलाच तर फक्त अंगावर आणि हलक्या हाताने. आणखी एक गोष्ट जिउ-जित्सूच्या वर्गातच करता येईल. तुम्ही पाठीवर असताना वर बसलेल्या सहकाऱ्याला हलके ग्लोव्ह्ज घालून उघड्या हाताने चापट्या मारायला सांगा. ज्या पकडींत तुम्ही इतके दिवस निवांत पडून राहत होता, त्यांतल्या कितीतरी पहिल्याच संध्याकाळी सोडून द्याव्याशा वाटतील.

प्रश्न : माझी मुलगी १३ वर्षांची आहे आणि चार वर्षे ज्युदो शिकते. आम्ही नाशिकला राहतो. तिच्या शाळेत तायक्वांदो आहे. बॉक्सिंगचा वर्ग घरापासून दूर आहे. तायक्वांदो चालेल का?

उत्तर : चालेल, आणि या वयात शाळेतला वर्ग सोडून दूर जाण्याची गरज नाही. ज्युदोत २०१० नंतर हाताने पाय धरण्यावर निर्बंध आल्यामुळे आजची ज्युदोची मुले सरळ उभी राहून खेळतात, त्यामुळे तिच्या उभे राहण्यात फारसा बदल करावा लागणार नाही. तायक्वांदोमुळे अंतराचा अंदाज, पायांची चपळाई आणि एका पायावरचा तोल तिला मिळेल, आणि हा तोल ज्युदोत पाय लावून पाडताना फार उपयोगी पडतो. त्या खेळात हाताचा ठोसा फक्त अंगावर चालतो, तोंडावर चालत नाही, त्यामुळे हात खाली सोडून खेळण्याची सवय लागते. तेवढ्यासाठी आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटे घरातल्या कोणीतरी हातात पॅड धरावेत. तिने जॅब मारून हात परत गालाशी आणला नाही तर त्याच पॅडने गालाला हलकेच स्पर्श करावा. तायक्वांदोच्या नियमांत डोक्यावरच्या लाथांना जास्त गुण आहेत, म्हणून शाळेतील शिक्षकांशी आधीच बोलून ठेवा की, सध्या तिचा समोरासमोरचा सराव छातीच्या कवचापुरताच असावा. ज्युदोची स्पर्धा जवळ आली की दोन आठवडे आधी लाथांचा सराव थांबवा, कारण नडगी किंवा पायाची बोटे दुखावलेली असतील तर डाव टाकताना ती तो पाय चोरेल.